पांदणीच्या तोंडाशी

परभणी जिल्ह्यात बर्फ पडत नाही. तरीही हिवाळ्यातले रस्ते आणि चारही चाकांना ओढ देणारी गाडी हा विषय मला मनालीपेक्षा इथे, पाथरी-परभणी-गंगाखेडच्या पट्ट्यात, अधिक निकडीचा वाटतो. पौषात हा जिल्हा फिरायला निघालं की त्याचं कारण दिसायला लागतं. पावसाळ्यात इथला रस्ता वाईट असतो, पण सगळीकडे सारखाच वाईट असतो आणि चालक त्या तयारीनेच घराबाहेर पडतो. हिवाळ्यात तोच रस्ता पावलापावलाला स्वभाव बदलतो. पाथरी-मानवतकडून परभणीला येणाऱ्या महामार्गावर पृष्ठभाग कडक आणि कोरडा असतो. त्यावरून शेताकडे वळलं की पांदण लागते, आणि पांदणीत काळी कापसाची माती. ती कोरडी असेल तर सिमेंटसारखी टणक, ओली असेल तर चाकाला धरून ठेवणारी. आता पाऊस नसताना ती ओली कशाने होते? जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा याच भागाला पाणी देतो. रब्बीचं आवर्तन सुटलं की चाऱ्या भरतात, आणि एखादी फुटली की पाणी थेट पांदणीत उतरतं. शेतीपंपांची वीज अनेक ठिकाणी आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते, त्यामुळे हरभऱ्याला, गव्हाला, उसाला ऐन थंडीत रात्रभर पाणी दिलं जातं. संध्याकाळी जिथून सायकल जाते तिथे पहाटे घोटाभर रेंदा असू शकतो. त्यात नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस मराठवाड्यात झाला तसा अवकाळी पाऊस आला, तर मग विचारायलाच नको. अशा जिल्ह्यात लिव्हर ओढून पुढच्या चाकांना ओढ देता येणारी गाडी ही चैन राहत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या गाडीची सुरक्षितता लिव्हर कधी टाकायची यापेक्षा कधी काढायची यावर अवलंबून आहे, आणि परभणीच्या हिवाळ्यात ती काढायची जागा जवळजवळ ठरलेली आहे. ती म्हणजे पांदण जिथे डांबराला मिळते ते तोंड.

हे पटायला गाडीच्या पोटात काय चालतं ते पाहावं लागेल. जुन्या जीपपासून आजच्या थार, जिम्नी, गुरखापर्यंत अनेक गाड्यांत पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह असते. एरवी, म्हणजे लिव्हर टू हायवर असताना, इंजिनाची ओढ फक्त मागच्या चाकांना मिळते. लिव्हर फोर हाय किंवा (कमी वेग, जास्त जोर देणाऱ्या) फोर लोवर नेली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांत गुंतून एकाच गतीने फिरू लागतात. दोहोंमध्ये फरक सामावून घेणारं डिफरन्शियल नसतं. सरळ रस्त्यावर हे चालून जातं, वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरावं लागतं. साधं गणित करून पाहू. दोन ॲक्सलमधलं अंतर २.४५ मीटर असलेली गाडी अशी वळली की मागच्या ॲक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येवर फिरतो, तर पुढच्या ॲक्सलचा मध्य साधारण ५.५७ मीटर त्रिज्येवर फिरतो. काटकोनात एकदा वळताना मागचा मध्य ७.८५ मीटर चालतो आणि पुढचा ८.७५ मीटर. हा ९० सेंटिमीटरचा फरक म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग. शाफ्ट मात्र दोन्हीकडे सारखेच फिरतात. चिखलात, वाळूत किंवा भुसभुशीत रानात चाक थोडं घसरतं आणि हिशेब आपोआप मिटतो. कोरड्या डांबरावर टायर घसरायला तयार नसतो, म्हणून तोच फरक शाफ्ट, जॉइंट आणि गिअर यांच्यात पीळ होऊन साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी ब्रेक लागल्यासारखी अडखळते, टायर चिरकतो आणि लिव्हर टूकडे यायला नकार देते. तेव्हा लिव्हरशी झोंबू नये. गाडी सरळ रेषेत काही फूट मागे घेतली की पीळ सुटतो आणि लिव्हर सहज येते.

हे ज्ञान काही आजचं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपच्या डॅशबोर्डवर धातूच्या सूचनापट्ट्या असत, आणि कोरड्या, कठीण रस्त्यावर पुढच्या ॲक्सलची ओढ काढून टाका अशी ताकीद त्यांवर दिलेली असे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत जुळणी सुरू केली ती याच घराण्याच्या जीपची, आणि मराठवाड्याच्या रस्त्यांवर पुढे जी जीप धावली तिचं मूळही तिथलंच. म्हणजे सूचना जवळजवळ गाडीइतकीच जुनी आहे. आजच्या गाड्यांच्या माहितीपुस्तिकाही तेच सांगतात, शिवाय किती वेगापर्यंत चालत्या गाडीत फोर हाय टाकता येतं हेही त्यांत दिलेलं असतं. हा आकडा गाडीगणिक वेगळा असल्याने आपल्या पुस्तिकेत पाहूनच घ्यावा. फोर लो मात्र गाडी थांबवून, किंवा पुस्तिका सांगते तसं अगदी सरपटत, गिअर न्यूट्रलला ठेवूनच टाकायचं. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पुढचे दोन टायर नवे आणि मागचे दोन झिजलेले असतील, किंवा हवेत बराच फरक असेल, तर सरळ रस्त्यावरही चाकांचा घेर जुळत नाही आणि पीळ साठत राहतो. गावाकडे दोनच टायर बदलण्याची पद्धत आहे. खर्च पाहता मला ती समजते, पण फोर व्हीलच्या गाडीत ती महाग पडते.

आता पांदणीच्या तोंडाशी थांबून जमिनीकडे नीट पाहू. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप हंगाम सुरू झाला की गंगाखेड, पाथरी, सोनपेठ, पूर्णा या तालुक्यांतल्या फडांतून उसाच्या ट्रॉल्या बाहेर पडतात. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरच्या तिरप्या खाचांत काळी माती गच्च बसलेली असते. डांबरावर येताच चाक वेग घेतं आणि ती माती निखळू लागते. आधी मुठीएवढी ढेकळं पडतात, मग चपटे तुकडे, मग बाणाच्या टोकांसारखे ओळीने उठलेले ठसे. मागून येणारी प्रत्येक गाडी ते चेपत जाते आणि डांबरावर बोटाच्या पेराएवढाही जाड नसलेला एक थर बसतो. दुपारी तो पांढुरका, धुळीचा दिसतो आणि निरुपद्रवी असतो. रात्री त्यावर दंव पडतं. काळ्या मातीतला माँटमोरिलोनाइट हे चिकण खनिज पाणी धरून ठेवतं, त्यामुळे थोड्याशा दंवानेही थराचा वरचा पदर बुळबुळीत होतो. पहाटे पाच ते साडेआठ-नऊ या वेळात, म्हणजे नेमकं बाजाराला, दूध घालायला, शाळेला निघण्याच्या वेळी, त्या पट्ट्यावर चाक पकड सोडतं. ऊन चढलं की सगळं पुन्हा वाळतं. दुपारी अपघाताची जागा पाहायला गेलेल्या माणसाला रस्ता कोरडाच दिसतो आणि दोष चालकाच्या झोपेवर जातो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो ऐकून घेण्यासारखाही आहे. तो असा की रस्ता निसरडा असेल तर चारही चाकांची ओढ चालू ठेवलेली बरीच, निदान धुकं फिटेपर्यंत. गोदावरीच्या काठाने, गंगाखेड-पालम-पूर्णेकडे, थंडीत धुई दाट उतरते, आणि अशा वेळी फोर हायमध्ये गाडी बसल्यासारखी वाटते हे खरंच आहे. पण ओढ मिळणं आणि थांबता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच, टू हायमध्येही. गाडी किती अंतरात थांबेल हे टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणावर ठरतं, लिव्हर कुठे आहे यावर नाही. कोरड्या डांबराचा घर्षणांक ०.७ आणि ओल्या चिकण थराचा ०.२ धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्यावर सुमारे २० मीटरमध्ये थांबेल. थर लांबवर पसरलेला असेल तर तिला सुमारे ७० मीटर लागतील. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला तर आणखी १७ मीटर. वेग ३० वर आणला की हीच एकूण बेरीज साधारण २६ मीटरवर येते. धुक्यात ४० मीटरवर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली दिसली, तर वाचवतो तो हा ३० चा आकडा. फोर व्हील इथे उलट फसवते. टू हायमध्ये पाय जरा जास्त पडला की मागचं चाक सळसळतं आणि रस्ता निसरडा असल्याची वर्दी देतं. फोर हायमध्ये ती वर्दी येत नाही, गाडी निमूट वेग घेते, आणि पकड किती कमी आहे ते चालकाला पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर कळतं. बर्फाचा पुरावाही याच बाजूचा आहे. मनालीच्या वर बर्फ पडला की प्रशासन फोर बाय फोर किंवा साखळी लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतं. चढ चढायला ते योग्यच आहे. पण अटल बोगद्याकडच्या उतारावर चारही चाकं थांबलेली असताना गाडी घसरत खाली येताना दिसते, तेव्हा तीही बहुधा फोर बाय फोरच असते.

दुसरा आक्षेप मेकॅनिककडे ऐकू येतो. डांबरावर फोर ठेवली तर फार तर टायर झिजतील, जॉइंट जाईल. नुकसान खिशाचं, जिवाचा प्रश्न कुठे आला? मला हे मान्य नाही, आणि त्याचं कारण पांदणीच्या तोंडाशीच आहे. गाडी पांदणीतून बाहेर येते तेव्हा ती बहुधा काटकोनात वळत असते, म्हणजे पीळ सर्वांत जास्त साठतो तोच क्षण. पुढचं एक चाक डांबरावर, एक चिखलाच्या पट्ट्यावर, मागची दोन अजून रेंद्यात. साठलेला पीळ कुठेतरी सुटणारच, आणि तो सुटतो सर्वांत कमी पकड असलेल्या चाकावाटे. ते चाक पुढचं असेल तर स्टिअरिंग वळलेलं असूनही गाडी सरळ, रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला ओढली जाते, आणि तिकडून भरलेला ट्रक येत असू शकतो. म्हणून क्रम असा हवा: पांदण संपायच्या आत, माती अजून मऊ असताना आणि चाकं सरळ असताना लिव्हर टूवर आणावी. मऊ जमिनीत पीळ साठत नसल्याने ती विनासायास येते. डॅशबोर्डवरचा दिवा विझल्याची खात्री करावी, मग थांबून, दोन्हीकडे पाहून वळावं. डांबरावर चढल्यावर लिव्हरशी खटपट करणं म्हणजे नजर रस्त्यावरून काढणं, तेही नको त्या जागी.

मग जिथे डांबर, चिखल, पुन्हा डांबर अशी ठिगळं आहेत तिथे काय करायचं? दर वेळी लिव्हर हलवत बसायचं का? माझा कौल असा आहे की निम्म्याहून जास्त वाट ओली-भुसभुशीत असेल आणि मधले कडक तुकडे सरळ असतील, तर फोर हाय राहू द्यावी. थोड्या सरळ अंतरात फारसा पीळ साठत नाही. उलट वाट मुख्यतः डांबरी असेल आणि मध्ये तीस-चाळीस पावलांचा निसरडा पट्टा असेल, तर त्याला फोर व्हीलची गरजच नाही. पट्ट्याच्या आधी वेग उतरवावा, पट्ट्यावर ना ब्रेक ना ॲक्सिलरेटर, स्टिअरिंग शांत. बांधकाम आडवं आलं की वळवलेल्या रस्त्यावर टँकरने पाणी मारलेलं असतं, तिथेही हेच.

या सगळ्या विवेचनाला एक खरा अपवाद आहे, आणि तो परभणीत रोज रस्त्यावर दिसतो: ट्रॅक्टर. गेल्या काही वर्षांत पुढच्या चाकांनाही ओढ देणारे ट्रॅक्टर उसाच्या वाहतुकीत बरेच आले. त्यांतही लिव्हर आहे आणि मधलं डिफरन्शियल नाही. शिवाय पुढची चाकं मातीत किंचित पुढे धावावीत, साधारण १ ते ५ टक्के, अशी त्यांची रचनाच असते. त्यामुळे कोरड्या डांबरावर पुढचे टायर सरळ जातानाही घासतात. इथवर नियम तोच. पण अनेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. पुढची ओढ घातली की ब्रेकचा जोर शाफ्टवाटे पुढच्या चाकांपर्यंत पोहोचतो आणि चारही चाकं रोखायला मदत करतात. काही कंपन्यांच्या ट्रॅक्टरांत तर ब्रेक दाबताच पुढची ओढ आपोआप लागते ती याचसाठी. मागे भरलेली ट्रॉली, तिला स्वतःचे ब्रेक नाहीत, समोर गोदावरीच्या पात्राकडे किंवा गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटाच्या डोंगरात उतार: तिथे चालक पुढची ओढ घालून, खालच्या गिअरमध्ये उतरत असेल तर तो बरोबर आहे, आणि टायर झिजतील म्हणून त्याला अडवणारा चूक आहे. गाडीलाही उतारावर फोर लोचा हाच उपयोग होतो. ब्रेकवर पाय न ठेवता इंजिनच तिला धरून ठेवतं, तेही चारही चाकांवाटे. थांबण्याचा आणि फोर व्हीलचा संबंध नाही असं मी वर म्हटलं ते गाडीच्या ब्रेकपुरतं आहे. मातीच्या उतारावर इंजिनाने गाडी धरून ठेवताना संबंध आहे.

ट्रॅक्टरवाल्यांकडून जीपवाल्याने शिकावं असंही काही आहे. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक-पेडल वेगळे असतात, कारण रानात एका चाकाला रोखून जागच्या जागी वळावं लागतं. रस्त्यावर येताना मात्र ही दोन पेडल खिट्टीने जोडायचीच. न जोडता भरल्या ट्रॉलीसह ब्रेक मारला आणि पाय एकाच पेडलवर पडला, तर ट्रॅक्टर जागेवर आडवा होतो आणि ट्रॉली त्याला ढकलत नेते. मागची दोन्ही चाकं एकत्र जखडणाऱ्या डिफ लॉकचंही तसंच, रानात वरदान आणि डांबरी वळणावर घातक. जाणता चालक फडातून निघून डांबरावर चढण्याआधी पेडल जोडतो, डिफ लॉक सोडल्याची खात्री करतो, पुढची ओढ काढतो. रानाची मांडणी मोडून रस्त्याची मांडणी करण्याचं हे काम दोन मिनिटांचंही नाही. पण कारखान्याबाहेर गाड्यांची रांग लागलेली, खेपेवर पैसे, रात्रभर जागरण, अशा माणसाकडून ते राहून जातं. चुकलेल्याला शिव्या घालून यात फरक पडणार नाही, त्याला थांबायला जागा द्यावी लागेल. त्या जागेकडे मी येतोच.

त्याआधी एक आक्षेप शहरातला. चारही चाकांची ओढ कायम चालू ठेवणाऱ्या, संगणकाने चाकागणिक ताकद वाटणाऱ्या गाड्या आता मिळतात. मग लिव्हरचं हे पुराण कशाला? अशा गाड्यांत मधे डिफरन्शियल किंवा घसरू शकणारा क्लच असतो, म्हणून पीळ साठत नाही, हे मान्य. पण टायरखालची माती त्यांनाही तेवढीच पकड देते, थांबायला तेवढंच अंतर लागतं. आणि सेलू-जिंतूरच्या गावांत उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या तर लिव्हरवाल्या जुन्या जीप आणि ट्रॅक्टरच जास्त. सल्ला त्यांच्या मालकांना उपयोगी पडला पाहिजे.

जिंतूरकडे, येलदरीच्या वाटेवर, जमीन चढत जाते, माती पातळ होते आणि मुरूम वर येतो. तिथल्या कच्च्या वाटा हिवाळ्यात बहुधा कोरड्या असतात आणि फोर व्हीलचं काम चढापुरतं उरतं. खालच्या काळ्या पट्ट्यात मात्र एक नुकसान असं होतं की ते करणारा निघून जातो आणि भोगतो दुसराच. टू व्हील ड्राइव्हची गाडी ओल्या पांदणीत शिरतच नाही, अडते आणि परत फिरते. फोर लोची गाडी शिरते, फूटभर खोल चाकोऱ्या पाडते आणि पार होते. काळी माती वाळली की त्या चाकोऱ्या तशाच घट्ट होतात, आणि पुढचे कित्येक आठवडे बैलगाडी, मोटारसायकल आणि शाळकरी पोरांच्या सायकली त्यांत अडकतात. शेतकरी वाफसा आल्याशिवाय रानात औत घालत नाही. मूठभर माती दाबून पाहतो, गोळा होऊन चिकटली तर थांबतो. पांदणीत गाडी घालण्याआधी हीच परीक्षा पुरेशी आहे. गोळा हाताला चिकटत असेल आणि काम अडलेलं नसेल, तर दुपारपर्यंत थांबावं किंवा गाडी डांबराकडेला ठेवून चालत जावं. दवाखान्याची वेळ असेल तर अर्थातच जावं. फोर लो आहे ते त्याचसाठी. आणि वाळलेल्या चाकोरीतून जाताना स्टिअरिंग थोडं थोडं हलवून चाकं सरळ आहेत ना हे पाहत राहावं. चाकोरीत गाडी स्टिअरिंगचं ऐकत नाही, चाक वळलेलं असून कळत नाही, आणि चाकोरी पांदणीच्या तोंडाशी संपली की गाडी एकदम त्या बाजूला उसळते.

आता चालकाला थांबायला लागणाऱ्या त्या जागेबद्दल. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. तिच्यातून होणाऱ्या रस्त्यांचं मोल मोठं आहे, पण प्रत्येक पांदण पक्की व्हायला वेळ लागेल. तोवर एक लहान काम करता येईल. पांदण डांबराला मिळते त्याआधीची तीस-चाळीस मीटर लांबी जाड खडी आणि मुरूम दाबून पक्की करावी, आणि ट्रॅक्टर-ट्रॉली रस्ता न अडवता उभी राहील एवढी रुंद. खडीवरून चालताना टायरच्या खाचांतली माती बरीचशी तिथेच गळते, डांबरावर येत नाही. चालकाला उतरून पेडल जोडायला, लिव्हर काढायला, मागचा दिवा आणि परावर्तक पुसायला कडक, सपाट जागा मिळते. खडी थोडी सरकणारी असल्यामुळे तिथे शाफ्टला फारसा पीळही बसत नाही. खर्च ग्रामपंचायत आणि कारखाना यांनी वाटून घ्यावा, कारण ऊस त्याच तोंडातून कारखान्याला जातो. कारखान्याचा शेतकी विभाग ऊसनोंदीसाठी गावोगाव फिरतोच. कोणत्या पांदणीतून किती ट्रॉल्या निघणार हे त्याला हंगामाआधी ठाऊक असतं. ज्या तोंडातून सर्वांत जास्त ट्रॉल्या निघतात तिथून सुरुवात करावी, आणि काम दसरा-दिवाळीच्या मधल्या उघडिपीत उरकावं, म्हणजे पहिली मोळी गव्हाणीत पडण्याआधी खडी बसलेली असेल.